गुण आला, पण कशाचा?

"अहो, मी स्वतः करून बघितलं, अगदी छान गुण आला!" या एका वाक्याच्या आधारावर आपल्या घराघरांत किती गोष्टी चालतात बघा. गुलाबाला चहाचा चोथा, कढीलिंबाला आंबट ताक, तुंबलेल्या मोरीला सोडा नि व्हिनेगर, हवा शुद्ध व्हावी म्हणून दिवाणखान्यात कुंडी. पूर्वी असे उपाय हळदीकुंकवाला नाहीतर नळावर समजायचे. आता सकाळी मोबाईल उघडला की दहा उपाय येऊन पडलेले असतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: "हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे."

यातलं सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं. सरळ कानाआड केलं असतं. पण पंचाईत अशी, की यात काही अगदी खरं असतं, काही अर्धवट खरं असतं आणि काही निव्वळ 'असं असतं तर किती बरं झालं असतं' या जातीचं असतं. तांदळातले खडे निवडताना आपली नजर चुकत नाही. मग ऐकलेल्या गोष्टी निवडायला काय हरकत आहे? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. थोडी चिकाटी आणि दोन-चार साधे प्रश्न पुरतात.

फेस आला म्हणजे सफाई झाली असं नाही

सुरुवात मोरीपासूनच करू. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो. बघताना वाटतं, आता सगळी घाण निघणार! पण त्या फेसात असतं काय? सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात. कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे राहतं पाणी व सोडियम ॲसिटेट नावाचं एक निरुपद्रवी मीठ. भांडण दोघांचं झालं, मोरीतला तेलकट थर आणि केसांचा गुंता मात्र होता तिथेच राहिला.

गंमत म्हणजे हेच दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर खरोखर उपयोगी आहेत. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर नळावर किंवा शॉवरच्या जाळीवर बसतो, तो चुन्याचा असतो. त्यावर व्हिनेगरची फडकी अर्धा तास गुंडाळून ठेवा, थर सुटतो. कपांवरचे चहाचे डाग ओल्या सोड्याने घासले की जातात. पण एक लक्षात ठेवा. जे आम्ल नळावरचा चुना खातं, ते शहाबादी फरशी आणि संगमरवरही खातं, कारण ते दगडही चुन्याचेच. तिथे व्हिनेगर-लिंबू नको. आणि मोरी तुंबली असेल तर जाळी काढून केस उपसावेत, रबरी पंप मारावा, आणि यापुढे कढईतलं उरलेलं तेल मोरीत न ओतता जुन्या कागदाने पुसून टाकावं.

इथे एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. 'दोन औषधं एकत्र केली की जोर दुप्पट' या समजुतीने काही जणी संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकतात. यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद, लहानशा न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण यांचीही जोडी अशीच घातक. असा उग्र वास आलाच तर 'एवढं घासून होऊ दे' असं न म्हणता ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. सफाईचं एका वेळी एकच द्रव्य, हा नियम कामाच्या बाईलाही सांगून ठेवा, कारण बऱ्याच घरांत ते काम तिच्याच हातून होतं.

हंगामाचं श्रेय चोथ्याला

आता कुंडीतला गुलाब घ्या. ऑक्टोबर महिन्यात आपल्याकडे गुलाबाची छाटणी करतात. साधारण दीड महिन्याने, थंडी पडू लागली की फुलं येतात. ती छाटणीमुळे आणि हवेमुळे येतात. आता एखादीने छाटणीच्या सुमारास चहाचा चोथा घालायला सुरुवात केली, तर डिसेंबरात तिला काय वाटेल? 'चोथ्याला गुण आला!' ती खोटं बोलत नाही. चोथा घातला हे खरं, फुलं आली हेही खरं. फक्त पहिल्यामुळे दुसरं झालं, हे मात्र कुठे सिद्ध झालेलं नाही.

कढीलिंबाचं तेच. थंडीत तो मरगळलेला असतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फोडतो. आपण नेमकं थंडीत 'बिचारा सुकला' म्हणून ताक घालतो. पालवी फुटली की ताकाची कीर्ती गल्लीभर होते. सर्दीच्या काढ्यांचं तरी दुसरं काय? साधी सर्दी आठवड्याभरात आपली आपण बरी होते. चौथ्या-पाचव्या दिवशी घेतलेला कुठलाही काढा मग रामबाण ठरतो.

म्हणून कुठलाही उपाय ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

आठ कप चहाची गोष्ट

या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, हे जगाला शिकवणारी एक गोष्ट चक्क चहाच्या कपाची आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. १९२० च्या दशकात तिथे रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ काम करत होते. शेतातलं पीक वाढलं ते खतामुळे की नशिबाने, हे ओळखायचं कसं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. तिथेच मुरियल ब्रिस्टल या शेवाळांचा अभ्यास करणाऱ्या विदुषी होत्या. चहाच्या वेळी फिशर यांनी कप पुढे केला, तर बाई म्हणाल्या, नको, आधी दूध घालून मग चहा ओतलेला मला हवा. चव वेगळी लागते. फिशर यांचं म्हणणं, असा काही फरक कळत नसतो.

आपल्याकडे अशा वेळी एकतर वाद होतो, नाहीतर कुणीतरी गप्प बसतं. तिथे परीक्षा घ्यायची ठरली. फिशर यांनी पुढे १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवर पुस्तक लिहिलं, त्यात या परीक्षेची मांडणी दिली आहे. आठ कप करायचे. चार आधी दूध घातलेले, चार आधी चहा घातलेले. कप कुठल्या क्रमाने द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. बाईंनी फक्त चव घेऊन चार कप वेगळे काढायचे.

आठच कप का? एका कपाचं उत्तर अंदाजाने सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतंच. पण आठातून चार कप निवडण्याच्या सत्तर तऱ्हा आहेत. त्यांतली एकच पूर्णपणे बरोबर. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळं बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. तरीही बरोबर आलं, तर 'हिला खरंच कळतं' असं म्हणायला जागा आहे.

यात बाईंच्या शब्दावर कुणी अविश्वास दाखवला नाही आणि डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 'माझ्या जिभेला कळतं' म्हणणाऱ्या बाईला, ते दाखवून द्यायची संधी दिली. आपल्या घरी सासूबाई म्हणत असतील की गॅसवरची आमटी आणि इंडक्शनवरची आमटी मला ओळखू येते, तर वाद कशाला? आठ वाट्या भरा!

आता आपल्या गच्चीवर

हाच प्रयोग झाडांवर करून बघण्यासारखा आहे. तांदळाच्या धुवणाने झाडं जोमाने वाढतात असं म्हणतात. करून पाहू या, पण नीट.

मेथी घ्या, म्हणजे महिनाभरात निकाल हाती येतो. सारख्या मापाचे आठ डबे किंवा कुंड्या घ्या, तळाला भोकं पाडा. माती एकाच ढिगातली, नीट कालवून. प्रत्येकात मोजून पंचवीस दाणे पेरा. डब्यांच्या बुडाशी एक ते आठ आकडे लिहा. मग आठ चिठ्ठ्या करून चार उचला; त्या चार डब्यांना धुवण, उरलेल्या चारांना साधं पाणी. आपण स्वतः निवडायला गेलो की नकळत चांगली रोपं आवडत्या बाजूला जातात, म्हणून चिठ्ठ्याच बऱ्या. सगळे डबे सारख्या उन्हात ठेवा आणि दोनचार दिवसांनी जागा बदला.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याचं माप दोन्हीकडे एकच हवं. पुष्कळदा फुकट जातो तो प्रयोग इथेच. एका कुंडीला रोज वाटीभर धुवण आणि दुसरीला आठवण झाली तर पाणी, असं झालं तर धुवण जिंकणारच. पण तो गुण पाण्याचा.

महिन्याने, कुठल्या डब्याला काय घातलं हे ज्यांना ठाऊक नाही अशा कुणाकडून तरी मेथी कापून वजन करून घ्या. मुलांना सांगितलंत तर आनंदाने करतील. चारही धुवणाचे डबे चारही पाण्याच्या डब्यांपेक्षा भारी निघाले, तर मानायला हरकत नाही. वजनं एकमेकांत मिसळली असतील, तर फरक नाही किंवा अगदी थोडा आहे. तरी धुवण फेकू नका हो! उन्हाळ्यात तेवढं पाणी वाचतं, हा फायदा कुठल्याही प्रयोगाविना पक्का आहे.

जाता जाता अंड्याच्या टरफलांबद्दल. ती जवळजवळ सगळी चुनखडीच असतात. पण आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर. टोमॅटोचं बूड काळं पडून सडतं ते फळाला कॅल्शियम कमी पडल्याने, हे खरं. पण बहुतेक वेळा कारण असतं ते पाणी एक दिवस भरमसाट आणि चार दिवस नाही, असं घालण्याचं. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं. तेव्हा टरफलं कुटत बसण्यापेक्षा नेमाने पाणी घालणं जास्त कामाचं.

आजीचं तांब्याचं भांडं

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सगळं टाकाऊच का? मुळीच नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवण्याची आपली पद्धत घ्या. बंगळूरच्या संशोधकांनी याची रीतसर तपासणी केली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात पटकी, विषमज्वर, आमांश, जुलाब यांच्याशी संबंधित जिवाणू मुद्दाम मिसळले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. नंतर तपासलं तर वाढू शकणारे जिवाणू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होतं. आजी बरोबर होती!

पण खऱ्या शास्त्राची खूण अशी, की ते आपली हद्दही सांगतं. त्या प्रयोगात सोळा तास लागले. तासाभरात काम होतं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तपासले ते जिवाणू. काविळीचे विषाणू त्यात नव्हते. आणि पाण्याने वजन उतरतं, केस काळे होतात, सांधे दुखायचे थांबतात, हे सगळं त्या निष्कर्षाला मागाहून चिकटवलेलं. ताक, लिंबाचं सरबत, चिंचेचा सार मात्र बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवायचा नाही. आंबट पदार्थात धातू जास्त उतरतो. म्हणून तर कल्हईवाला दारावर यायचा.

तुरटीचं असंच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. शहरांच्या पाणीपुरवठ्यातही याच तत्त्वावर पाणी निवळतात. पण निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. दिसायला आरशासारखं झालं तरी रोगजंतू राहू शकतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, तर तुरटीने निवळा, गाळून घ्या आणि मग खळखळून उकळी आणा. घरात तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर सून असेल तर या शेवटच्या पायरीत आळस नको.

तुळस, पिंपळ आणि नासा

'नासाने सिद्ध केले' असं लिहिलं की आपण पुढचं वाचतच नाही, सरळ मान डोलावतो. कुंडीतली झाडं घरातली हवा शुद्ध करतात, या समजामागे नासाचा १९८९ सालचा एक अहवाल खरोखरच आहे. पण ते प्रयोग झाले होते लहानशा, बंद पेट्यांमध्ये. आपलं घर बंद पेटी नसतं. दारं-खिडक्यांतून हवा सतत खेळत असते. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. घरात हवा खेळल्याने जेवढी शुद्धी आपोआप होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर एका चौरस मीटरला निदान दहा कुंड्या लागतील, कदाचित हजारही! म्हणजे बसायलाही जागा उरायची नाही. फोडणी करताना खिडकी उघडा आणि धुराडं किंवा पंखा चालू ठेवा. ते हजार कुंड्यांपेक्षा सरस.

पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असंही आपण ऐकतो. झाड प्राणवायू तयार करतं ते प्रकाशाच्या मदतीने. अंधारात कुठलंच झाड तो तयार करत नाही. उलट आपल्यासारखंच थोडा वापरतं. तुळशीतून ओझोन निघतो आणि तो आरोग्याला चांगला, या म्हणण्यालाही आधार नाही. शिवाय जमिनीलगतचा ओझोन श्वासाला अपायकारकच असतो.

हे वाचून कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. अंगणातल्या तुळशीला पाणी घालून हात जोडताना मिळणारी शांतता ओझोनवर अवलंबून नाही. ज्यावर आपली श्रद्धा आहे, त्याला असल्या उसन्या प्रशस्तिपत्रकांची गरजच काय?

तांदळातले 'प्लास्टिकचे' दाणे

शेवटचं उदाहरण जरा गंभीर आहे, कारण त्यात नुकसान आपलंच होतं. २०१७ साली देशात अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या तांदळाची अफवा उठली होती. भाताचा गोळा करून आपटला की तो उसळतो, हा पुरावा! पण भातात पिष्ट असतं. चिकट भाताचा घट्ट गोळा उसळतोच. दाणा जाळला तर जळतो, हाही पुरावा नव्हे, धान्य जळतंच. प्लास्टिक असतं तर ते शिजून मऊ आणि दुप्पट-तिप्पट झालं नसतं.

पुढे रेशनच्या तांदळात पोषक दाणे मिसळायला सुरुवात झाली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून, शेवया पाडाव्यात तसं यंत्रातून दाबून हे दाणे करतात, आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. रंगाने ते जरा वेगळे दिसतात, काही वेळा पाण्यावर तरंगतात. झालं! 'हेच ते प्लास्टिक' म्हणून कितीतरी बायकांनी ते निवडून फेकून दिले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं! ज्या दाण्यात लोह, तोच दाणा आपण कचऱ्यात टाकला.

शंका असेल तर जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब घ्या. त्या दाण्याचा चुरा करून ओला करा आणि त्यावर थेंब टाका. निळा-काळा रंग आला की ते पिष्ट, म्हणजे धान्यच. प्लास्टिकवर हा रंग येत नाही. तपासलेला दाणा मात्र फेकून द्या. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आंब्याचंही असंच. पाण्यात बुडला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा, असं सांगतात. प्रत्यक्षात बुडणारा आंबा झाडावर पुरता तयार झालेला असतो आणि तरंगणारा बहुधा कोवळा उतरवलेला. तो नंतर पिकवला कशाने, हे पाणी सांगू शकत नाही. परीक्षा खरी, पण ती भलत्याच गोष्टीची! कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. तेव्हा माहितीचा, विश्वासाचा विक्रेता गाठणं आणि आंबे धुऊन घेणं हेच खरं.

कापून कपाटाच्या आत चिकटवा

नवा उपाय कानावर आला की स्वतःला विचारा:

१. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? हंगाम बदलला, की दुखणं आपोआप बरं झालं?

२. तुलना कशाशी केली? शेजारी तसाच, पण उपाय न केलेला डबा होता का?

३. ही परीक्षा नेमकं काय तपासते? फेस, रंग, तरंगणं यांवरून मुद्दा सिद्ध होतो का?

४. 'सिद्ध झालं' ते कुठे? पेटीत की घरात, जिवाणूंवर की माणसांवर? आणि किती वेळात?

५. सांगणाऱ्याला काही विकायचं आहे का?

६. उपाय फसला तर नुकसान काय? कुंडीत चोथा घातला तर फारसं काही बिघडत नाही, खुशाल घाला. पण पिण्याचं पाणी, औषध, तान्हं मूल आणि न्हाणीघरातली द्रव्यं यांच्या बाबतीत 'बघू या करून' चालत नाही.

हे प्रश्न विचारणारी बाई शेजारणींत थोडी खवचट ठरेल, याची तयारी ठेवा. पण मेथीचे आठ डबे गच्चीवर मांडलेत ना, की त्याच शेजारणी निकाल बघायला आधी येतील. आणि त्यांतली एखादी पुढच्या महिन्यात आपले आठ डबे मांडेल.